नगरातील वनराई : तिचे रक्षण आणि तिचा उत्सव

वन म्हटले म्हणजे डोंगर, दऱ्या व श्वापदे डोळ्यांपुढे येतात. नगर म्हटले म्हणजे रस्ते, इमारती व माणसांची गर्दी. त्यामुळे ‘नगरातील वन’ हा शब्दप्रयोग कानी पडताच ग्रामीण शाळेतील शिक्षकास प्रथम आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. त्यापाठोपाठ दुसरी शंका येते. शहरातील झाडांचा विचार खेड्यातील गुरुजींनी कशासाठी करावयाचा? खेड्यास झाडांची का वाण आहे?

या शंकेस दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, आज जी झाडे शहरात सावली देत आहेत, त्यांतील कित्येक मूळची खेड्यांचीच आहेत. शहर वाढत गेले, त्याने भोवतालची गावे पोटात घेतली व त्या गावांची झाडे शहराची झाली. दुसरे असे की, शहरातील लोकांनी पुष्कळ झाडे गमावल्यानंतर जो धडा घेतला, तो खेड्यास झाडे गमावण्यापूर्वीच घेता येण्यासारखा आहे. हा धडा कोणता, हे बंगळूर शहराच्या उदाहरणावरून पाहू.

नगरवन म्हणजे काय?

शहरातील रस्त्यांच्या दुतर्फा असलेली झाडे, उद्याने, शाळा-महाविद्यालयांची आवारे, देवळांपुढील पार, स्मशानभूमी, तळ्यांचे काठ, घरांची परसे आणि मध्येच राहून गेलेले एखादे झुडपी रान, या सर्वांची मिळून जी हिरवाई होते, तिला नगरवन म्हणावे. ते सलग नसते, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले असते. तरी पाखरांच्या, फुलपाखरांच्या व उन्हातून चालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते एकच वन होय.

या वनाचा उपयोग केवळ शोभेपुरता नाही. बंगळूरातील काही रस्त्यांवर झाडांखालील भाग व झाडांविना असलेला भाग यांची तुलना करणारे एक संशोधन 2013 साली प्रसिद्ध झाले. दुपारच्या वेळी झाडांखालील हवेचे तापमान उघड्या भागापेक्षा 5.6 अंश सेल्सिअसपर्यंत कमी आढळले, आणि डांबरी रस्त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानात तर 27.5 अंशांपर्यंत फरक दिसून आला. हातगाडीवाला, रस्ता झाडणारी बाई, शाळेतून पायी घरी जाणारे मूल यांच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ काय, हे सांगावयास नको. ज्यास गारव्याचे यंत्र विकत घेता येत नाही, त्यास झाड हेच छत्र असते.

बंगळूरची वनराई कशी उभी राहिली?

बंगळूर शहरास ‘उद्याननगरी’ म्हणतात. हे नाव त्यास एका दिवसात मिळालेले नाही. तेथील लालबाग या उद्यानाचा आरंभ 1760 साली हैदर अलीने केला. कब्बन पार्क 1870 साली निर्माण झाला. 1908 साली गुस्ताव हेर्मान क्रुंबिगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ बडोद्याहून म्हैसूर संस्थानाच्या सेवेत आले. रस्त्यांच्या कडेस झाडे अशी निवडावी की एकाचा बहर ओसरताच दुसऱ्याचा सुरू व्हावा, म्हणजे वर्षाच्या कोणत्याही महिन्यात शहरात कोठे तरी फुले असावीत, अशी त्यांची योजना होती. पुढे 1980 नंतरच्या दशकात सेतुराम गोपाळराव नेगिनहाळ या वनाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली शहरात सुमारे 15 लाख झाडे लावण्यात आली. रोपे चांगली उंच वाढवून मगच रस्त्यावर लावणे आणि प्रत्येकाभोवती संरक्षक पिंजरा उभा करणे, हे त्या कामाचे वैशिष्ट्य होते. ज्या रस्त्यांवर आज दाट कमान दिसते, त्यांतील पुष्कळ झाडे त्या वेळची आहेत.

परंतु या इतिहासास दुसरी बाजू आहे, व ती खेड्यातील वाचकास अधिक जवळची वाटेल. बंगळूरच्या भोवतालच्या खेड्यांत ‘गुंडुतोपु’ नावाच्या सार्वजनिक राया असत. आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशी फळझाडे तेथे लावलेली असत. गावची गुरे तेथे विसावत, वाटसरू भाकरी सोडीत, सणावारी गाव तेथे जमे. तसेच प्रत्येक गावात ‘अश्वत्थकट्टे’ म्हणजे पिंपळाचा पार असे. पिंपळ व कडुनिंब जवळजवळ लावून त्यांचे लग्न लावण्याची चाल त्या भागात आहे, आणि अशा पारावर नागशिळाही मांडलेल्या दिसतात. महाराष्ट्रातील गावचा पार व देवराई ज्याने पाहिली आहे, त्यास हे वर्णन परके वाटणार नाही.

शहर पसरत गेले तेव्हा या रायांचे काय झाले? हरिणी नागेंद्र व सीमा मुंडोली या अभ्यासकांनी या विषयाचा मागोवा घेतला आहे. कित्येक राया नाहीशा झाल्या. सार्वजनिक जागा म्हणून त्यांवर इमारती व रस्ते आले. काहींचा केवळ नावापुरता अवशेष राहिला. पिंपळाचे पार मात्र रहदारीच्या मध्यभागीही पुष्कळ ठिकाणी टिकून राहिले. हा फरक विचार करण्यासारखा आहे. राईचा उपयोग संपला असे गावास वाटले, गुरे गेली, वाटसरू गेले, आणि मग तिला कोणी वाली उरला नाही. पाराशी मात्र लोकांचे येणेजाणे राहिले. रोज सकाळी कोणी तरी तेथे पाणी घालते, प्रदक्षिणा घालते, दिवा लावते. ज्या झाडाकडे लोक नित्य जातात, त्यावर कुऱ्हाड चालविणे सोपे नसते.

कुऱ्हाड आल्यावर जागे होणे

एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंगळूरची लोकसंख्या व वाहने झपाट्याने वाढली. रस्ते रुंद करण्याची निकड निर्माण झाली व शेकडो झाडे तोडली जाऊ लागली. 2005 साली नागरिकांच्या निरनिराळ्या गटांनी एकत्र येऊन ‘हसिरु उसिरु’ हा संघ स्थापन केला. कन्नड भाषेत ‘हसिरु’ म्हणजे हिरवाई व ‘उसिरु’ म्हणजे श्वास. सभा, निवेदने, मोर्चे, न्यायालयीन दाद असे सर्व मार्ग या नागरिकांनी अवलंबिले.

सर्वच प्रयत्नांस यश आले असे नाही. 2009 साली जयनगर भागातील नंदा रस्त्यावरील झाडे व लक्ष्मणराव उद्यानाचा काही भाग मेट्रो रेल्वेच्या कामासाठी गेला. नागरिकांनी विरोध केला, तरी झाडे वाचली नाहीत. अशा प्रसंगी एक अडचण वारंवार आड येते. झाडे किती, कोणत्या जातीची, किती जुनी, त्यांवर कोणते पक्षी वस्ती करतात, ही माहिती जवळ तयार नसते. कुऱ्हाड पडू लागल्यावर धावून गेलेल्या माणसाजवळ कळकळ असते, परंतु हाती कागद नसतो. आणि कागदाशिवाय कार्यालयात किंवा न्यायालयात कळकळीस फारसे वजन पडत नाही.

कायद्याने या बाबतीत थोडी वाट मोकळी ठेवली आहे. कर्नाटकात 1976 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. 50 पेक्षा अधिक झाडे तोडावयाची असल्यास लोकांच्या हरकती मागविणे त्यात आता आवश्यक आहे. महाराष्ट्रातील शहरांसाठी 1975 चा झाडांच्या संरक्षण व जतनाचा अधिनियम आहे. झाड तोडण्याचा अर्ज आल्यावर वृत्तपत्रात व प्रत्यक्ष झाडावर जाहीर नोटीस लावणे त्यात सांगितले आहे. 2021 च्या सुधारणेने 50 वर्षे वा अधिक वयाच्या झाडास ‘वारसा वृक्ष’ हे स्थान मिळाले, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी रोपे लावण्याचे तत्त्व आले. पण या सर्व तरतुदींचे मर्म एकच आहे : कायदा लोकांस बोलण्याची संधी देतो, बोलण्याजोगे काही जवळ असणे हे लोकांचे काम आहे. वारसा वृक्षाचे वय पन्नास वर्षे आहे हे सांगणारा कोणी नसेल, तर तो शब्द कायद्याच्या पुस्तकातच राहील.

उत्सवाची वाट

2014 साली बंगळूरातील काही नागरिकांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी झाडांचा उत्सव सुरू केला व त्यास ‘नेरळु’ म्हणजे ‘सावली’ असे नाव दिले. खर्च लोकवर्गणीतून भागविण्यात आला. उत्सवात जाणकार मंडळी लोकांस झाडांखालून हिंडवून त्यांची ओळख करून देत. मुले पानांचे ठसे काढीत, चित्रे रंगवीत. वृद्ध मंडळी झाडांच्या आठवणी सांगत. गाणी व गोष्टी होत. वरवर पाहता ही केवळ करमणूक होती. परंतु एकदा ज्यास आपल्या गल्लीतील पर्जन्यवृक्ष व गुलमोहर यांतील भेद कळला, ज्याने त्याच्या बुंध्यास हात लावला, ज्याने त्याचा बहर कोणत्या महिन्यात येतो हे टिपून ठेवले, त्याच्या दृष्टीने ते ‘कोणते तरी झाड’ राहत नाही. ते ओळखीचे होते. आणि ओळखीच्या माणसाप्रमाणेच ओळखीच्या झाडाची अनुपस्थिती जाणवते.

त्यानंतर दोन वर्षांनी मोठी कसोटी आली. बसवेश्वर चौकापासून हेब्बाळपर्यंत सुमारे 6.7 किलोमीटर लांबीचा पोलादी उड्डाणपूल बांधण्याचे ठरले. त्यापायी 812 झाडे जातील असा सरकारी अंदाज होता. 16 ऑक्टोबर 2016 या दिवशी हजारो नागरिक त्या मार्गावर हातात हात घालून उभे राहिले. त्यांत मुले, वृद्ध, विद्यार्थी, नोकरदार असे सर्व प्रकारचे लोक होते. प्रकरण हरित न्यायाधिकरणापुढेही गेले. 2 मार्च 2017 रोजी राज्य शासनाने ही योजना रद्द केल्याचे जाहीर केले. केवळ झाडांमुळे किंवा केवळ उत्सवामुळे पूल रद्द झाला, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. खर्चाविषयी व योजनेच्या पद्धतीविषयीही तीव्र आक्षेप होते. परंतु झाडे हा विषय मूठभर हौशी लोकांचा न राहता सबंध शहराचा झाला होता, एवढे त्या दिवशी स्पष्ट दिसले.

आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. शहराच्या दक्षिणेस तुरहळ्ळी नावाचे राखीव रान आहे. तेथे फरसबंदी वाटा, बाके इत्यादी सोयी असलेले वृक्षोद्यान करावे असा विचार 2021 साली पुढे आला. कोणासही वाटेल की यात वाईट काय आहे? पण तेथील नागरिकांनी यास विरोध केला. रान आहे तसेच रान राहू द्यावे, खडक, गवत व काटेरी झुडपे हेच तेथील प्राण्यापाखरांचे घर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शासनाने ती योजना सोडून दिली. यातून शिकण्यासारखे हे की, उत्सव करणे म्हणजे सजविणे नव्हे. ओसाड दिसणारे माळरान निर्जीव नसते. त्यावर टिटवी, चंडोल व ससा यांचे संसार असतात. गवताळ माळावर सरसकट खड्डे खणून रोपे लावणे, हे कित्येकदा उपकारापेक्षा अपकारच अधिक करते.

ग्रामीण शाळेने काय करावे?

आपल्या देशात वनमहोत्सवाची प्रथा कन्हैयालाल मुनशी हे केंद्रीय मंत्री असताना 1950 साली सुरू झाली. तेव्हापासून दर पावसाळ्यात शाळाशाळांतून रोपे लावली जातात व लावलेल्या रोपांची संख्या वर कळविली जाते. किती लावली हा आकडा सर्वत्र मिळतो. किती जगली हा आकडा मात्र क्वचितच कोणी विचारतो. एकाच खड्ड्यात वर्षानुवर्षे नवे रोप लावले जाते, ही गोष्ट मुलांच्या नजरेतून सुटत नाही. मुले बोलत नाहीत, पण त्यावरून त्यांस जे शिक्षण मिळते ते झाडाचे नसून देखाव्याचे असते. यास्तव पुढील क्रम सुचविण्यात येत आहे. त्यास पैसा लागत नाही. सातत्य मात्र लागते.

1. लावण्यापूर्वी मोजावे. शाळेचे आवार, गावठाण, देऊळ, ओढ्याचा काठ व गायरान येथील मोठ्या झाडांची शिवारफेरी काढून नोंद करावी. प्रत्येक झाडास क्रमांक द्यावा व गावात त्यास जे नाव आहे तेच लिहावे. छातीच्या उंचीवर सुतळी गुंडाळून बुंध्याचा घेर मोजावा. घेरावरून व्यास काढणे हे वरच्या वर्गांस गणिताचे उत्तम उदाहरण आहे : घेर 220 सेंटिमीटर भरला, तर त्यास 22 ने भागून 7 ने गुणावे, म्हणजे व्यास 70 सेंटिमीटर येतो.

2. वृद्धांस विचारावे. हे झाड कोणी लावले, दुष्काळात त्याचा काय उपयोग झाला, त्याखाली कोणता बाजार किंवा कोणती शाळा भरत असे, हे मुलांनी आपल्या आजी-आजोबांस विचारून लिहून आणावे. भाषेच्या तासास यापेक्षा जिवंत निबंध मिळणार नाही, आणि झाडाचे वय ठरविण्यासही या आठवणी उपयोगी पडतात.

3. महिन्याची नोंद ठेवावी. पालवी, मोहर, फळ व पानगळ कोणत्या आठवड्यात झाली, कोणते पक्षी आले, हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून महिन्याअखेरीस वहीत उतरवावे. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता झाडाखालील व उघड्या पटांगणावरील तापमान मोजून पाहावे. उघड्यावर तापमापक पुठ्ठ्याच्या आडोशास धरावा, म्हणजे त्यावर प्रत्यक्ष ऊन न पडता हवेचेच तापमान कळेल.

4. वर्षातून एक दिवस झाडाखाली गाव जमवावे. तो दिवस गावानेच ठरवावा. वडाखाली वटपौर्णिमेस स्त्रिया जमतातच. तशा चालत आलेल्या दिवसाचा उपयोग करून घेता येईल. त्या दिवशी मुलांनी झाडांची यादी मोठ्याने वाचावी, वृद्धांच्या आठवणी सांगाव्या, आणि गेल्या वर्षी लावलेल्या रोपांपैकी किती जगली हे सर्वांसमक्ष जाहीर करावे. दहा लावून दोनच जगली असतील, तर दोन असेच सांगावे. उरलेली का गेली, पाणी कमी पडले की शेळ्यांनी खाल्ली, याची चर्चा तेथेच व्हावी. पुढील वर्षी बोराटीचे कुंपण व उन्हाळ्यातील पाण्याची पाळी कोणाकडे, हेही तेथेच ठरावे.

5. नोंद योग्य ठिकाणी पोचवावी. 2002 च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. शाळेची यादी या नोंदवहीत समाविष्ट होऊ शकते. ग्रामीण भागात हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर इत्यादी झाडे तोडण्यास 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हेही शिक्षकास ठाऊक असावे.

समजा, शाळेस नवी खोली मंजूर झाली व आराखड्यात आवारातील जुना कडुनिंब आड आला. खोली हवीच, मुलांस पावसात बसविता येत नाही. अशा वेळी शिक्षकाजवळ केवळ हळहळ असेल, तर झाड जाईल. परंतु त्याच्याजवळ झाडाचा घेर, वय, त्याच्या सावलीत दुपारी बसणाऱ्या मुलांची संख्या व तापमानाची नोंद असेल, आणि त्याच झाडाखाली दरवर्षी गाव जमत असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ‘पाया चार हात सरकविता येईल काय?’ हा प्रश्न विचारता येतो. कित्येकदा उत्तर होकारार्थी येते. कारण प्रश्न वेळेवर विचारलेला असतो. आणि झाड खरोखरच पोकळ झालेले, वर्गावर पडण्याच्या बेतात आलेले असेल, तर तेही नोंदीवरूनच कळते. मुलांचा जीव धोक्यात घालून झाड राखावे, असे कोणी म्हणणार नाही.

उपसंहार

बंगळूरच्या वनराईवरील संकट संपलेले नाही. शहर वाढत आहे, नव्या योजना येत आहेत, काही झाडे वाचतात व काही जातात. परंतु तेथील नागरिकांच्या अनुभवातून एक गोष्ट निश्चित होते. झाडाचे रक्षण कुऱ्हाड उगारली गेल्यावर सुरू होत नाही. ते त्याच्या कितीतरी वर्षे आधी, कोणी तरी मुलास त्या झाडाचे नाव सांगतो, त्या दिवशी सुरू होते. रक्षण व उत्सव ही दोन निरनिराळी कामे नव्हेत. उत्सवात ओळख होते, ओळखीतून नोंद होते व नोंदीच्या बळावर रक्षण होते.

आज पहिलीत असलेले मूल उद्या कदाचित पुण्यास, नाशिकास किंवा बंगळूरासच पोट भरण्यास जाईल. कदाचित त्याचे गावच शहराच्या हद्दीत येईल. त्या वेळी गावची चिंच उभी असावी असे वाटत असेल, तर तिचा घेर यंदाच्या वर्षी मोजला गेला पाहिजे. त्यासाठी लागणारी सुतळी प्रत्येक शाळेत आहे.